हातात मावणाऱ्या हवाभरणी यंत्राचं रूप : हक्क नक्की कशावर मागायचा?

चिरेबंदी

बॅटरीवर चालणारी, हातात मावणारी हवा भरायची यंत्रं आता पणजीच्या अठरा जून रस्त्यावरच्या दुकानांपासून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापर्यंत सगळीकडे दिसतात. आमचं कुंडईला प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. आजवर दुसऱ्यांच्या वस्तूंची कव्हरं काढली. आता आम्ही काही जण मिळून स्वतःचं हवाभरणी यंत्र काढायच्या विचारात आहोत. मोटर, पंप, सर्किट बोर्ड, सेल सगळं तयार मिळतं आणि ते सगळ्यांना मिळतं. म्हणजे आमचं म्हणावं असं जे काही असेल ते बाहेरच्या अंगावर.

म्हणून मी अशा यंत्रांची नोंद झालेली डिझाइनं वाचायला घेतली. वाचायला म्हणजे बघायलाच, कारण त्यात मजकूर जवळजवळ नसतो. अमेरिकेतल्या डिझाइन पेटंटात दावा एका वाक्याचा असतो : चित्रात दाखवलं आणि वर्णन केलं आहे तसं या वस्तूचं शोभेचं डिझाइन. हवेचा दाब किती पीएसआय, किती मिनिटांत चाक भरतं, बॅटरी किती टिकते, एक अक्षर नाही. पुढे फक्त रेखाचित्रं. तिरक्या कोनातून एक, मग समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. गोलाईवर बारीक ठिपके नाहीतर रेघा, पृष्ठभागाचा उतार कळावा म्हणून. चकाकत्या किंवा पारदर्शक भागावर तिरप्या रेघा.

मला सगळ्यात आवडल्या त्या तुटक रेघा. अखंड रेघेत काढलेलं आमचं, तुटक रेघेत काढलेलं वस्तूत आहे पण त्यावर आमचा दावा नाही. एखाद्याने अख्खं यंत्र तुटक रेघांत काढून फक्त वरची कमान अखंड ठेवलेली असते. या माणसाला आपल्या कामात नवं काय आहे ते नेमकं ठाऊक आहे, हे त्या चित्रावरूनच कळतं. असं चित्र दिसलं की मी बराच वेळ तिथेच थांबतो.

तर प्रश्न असा : हवा भरायच्या यंत्रात कुठला आकार पंपाने ठरवलेला असतो आणि कुठला माणसाने? आमच्या यंत्राचं चित्र इथे टाकत नाही, त्याचं कारण चर्चेत येईलच.

चोर्लाघाट_सायकल

सरळच विचारतो. हवा भरायच्या यंत्राला शोभा कशाला? मी रविवारी सांखळीहून चोर्ला चढतो, पाठीवरच्या खिशात हे यंत्र असतं. मला वजन कमी हवं आणि सायकलच्या बारीक व्हॉल्व्हला बसणारी जोडणी हवी. दुकानात मात्र प्रत्येक खोक्यावर १५० पीएसआय लिहिलेलं असतं. मग शेवटी बघून आवडेल तेच उचललं जातं, हेही खरं आहे. आत सगळी सारखीच असतात का?

वेर्ण्याचा_फिटर

बरीचशी सारखी. मी उघडून बघितलेली आहेत. छोटी डीसी मोटर, तिच्यावर गिअर, गिअरवर क्रँक, क्रँकला कनेक्टिंग रॉड आणि बोटाएवढा पिस्टन. पिस्टन मागे गेला की हवा आत, पुढे आला की व्हॉल्व्हमधून नळीत. एका फटक्याला हवा थोडीच जाते, म्हणून फटके भराभर मारावे लागतात. आवाज आणि थरथर दोन्ही त्यामुळेच. बॅटरी बहुधा १८६५० जातीच्या सेलची, म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. दोन सेल शेजारी ठेवले की यंत्राची रुंदी आणि अर्धी उंची तिथेच ठरली. वर पंप बसवला की उभी, कडा गोल केलेली डबी आपोआप तयार होते. बाजारातली इतकी यंत्रं एकमेकांसारखी दिसतात ती नक्कल म्हणूनच असं नाही, पोटातल्या दोन सेलमुळेही.

दुसरी सक्ती उष्णतेची. हवा दाबली की तापते. गाडीचं चाक ३२-३३ पीएसआयपर्यंत नेलं की सिलिंडरचं डोकं आणि नळीचं पितळी तोंड चांगलंच तापलेलं असतं. म्हणून हवा आत घ्यायला आणि उष्णता बाहेर जायला भोकं लागतातच. पण ती भोकं गोल हवीत, ओळीत हवीत की तिरक्या फटी हव्यात, हे पंप सांगत नाही. एकूण उघडं क्षेत्र पुरेसं असलं की पंपाचं काम झालं. चिरेबंदीबाब, तुमचं मोकळं रान तिथे आहे.

चिरेबंदी

फिटरबाब, हेच ऐकायचं होतं. भोकं असणं सक्तीचं, त्यांची नक्षी मोकळी.

नळीचंही तसंच वाटतं. नळी लागणारच, ती वापरात नसताना कुठेतरी ठेवावीही लागणार. शाओमीच्या यंत्रात ती डोक्यावर कमानीसारखी खोचलेली असते आणि उपसली की यंत्र चालू होतं. उपसल्यावर चालू होणं ही करामत झाली. पण ती कमान डोळ्याला उचलायच्या कडीसारखी दिसते आणि अख्ख्या वस्तूला त्यावरून ओळख मिळते. काही यंत्रांत नळी पाठीवरच्या खोबणीत झोपवलेली असते, काहींत पोटात सरकवतात, काहींत वेगळीच पिशवीत देतात. चारही तऱ्हांनी हवा तेवढीच भरते. म्हणजे चारांतली निवड ही नजरेची निवड धरायची ना? कायदा जाणणाऱ्या कुणी सांगावं.

मांडवीपार_वकील

सांगते. माझं काम बरंचसं ट्रेडमार्क आणि डिझाइन नोंदणीचंच आहे.

आपल्याकडे डिझाइन कायदा, २००० लागू आहे. तो ११ मे २००१ पासून अमलात आला, त्याआधी १९११ चा होता. कलम २ मधल्या व्याख्येचा गाभा असा : वस्तूचा आकार, घडण, नक्षी, अलंकरण, रेषा किंवा रंगांची मांडणी, जी तयार वस्तूत डोळ्याला भावते आणि केवळ डोळ्यानेच पारखली जाते. रचनेची पद्धत किंवा तत्त्व त्यात येत नाही. मुळात निव्वळ यांत्रिक असलेली गोष्टही येत नाही. म्हणून नळी उपसल्यावर यंत्र चालू होणं यावर डिझाइनचा हक्क मिळणार नाही. ती करामत नवी असती तर तिची वाट पेटंटची. कमानीचं वळण, तिची जाडी, ती अंगात जिथे मुरते तिथला सांधा, हे डिझाइन.

एखादा आकार केवळ कामानेच ठरला आहे की नाही, हे तपासताना तेच काम दुसऱ्या आकारांनी होऊ शकतं का, हे बघणं उपयोगी पडतं. अमेरिकेतली न्यायालयं या प्रश्नाला बरंच वजन देतात. तुम्ही नळीच्या चार तऱ्हा सांगितल्यात, तो तुमच्या बाजूचा चांगला युक्तिवाद आहे. जपून ठेवा.

आता तुमच्या आवडत्या तुटक रेघांबद्दल. अमेरिकेत यंत्राच्या फक्त एका भागावर दावा करता येतो, तुम्ही पाहिलेली कमान त्यातलीच. आपल्या कायद्यात मात्र वस्तूच्या व्याख्येत वस्तूचा जो भाग स्वतंत्रपणे बनवता आणि विकता येतो तेवढाच येतो. अंगाशी एकजीव ओतलेली कमान सुटी विकली जात नाही. त्यामुळे इथे पूर्ण यंत्राच्या रूपाचा अर्ज करा आणि नावीन्य कुठे आहे ते निवेदनात लिहा : नावीन्य हे चित्रात दाखवलेल्या यंत्राच्या आकारात आणि घडणीत आहे. त्याखाली यांत्रिक क्रियेवर दावा नाही, अक्षरं, आकडे, चिन्हं यांवर दावा नाही, असे खुलासे येतात.

वर्ग १५-०२, पंप आणि कॉम्प्रेसर. डिझाइनांची ही आंतरराष्ट्रीय विभागणी लोकार्नो कराराची, मूळ करार १९६८ चा, भारत त्यात २०१९ मध्ये सामील झाला. अर्ज ऑनलाइन होतो, डिझाइनांची तपासणी कोलकात्याच्या कार्यालयात होते. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर शुल्क १००० रुपये, बाकीच्यांना ४०००. मुदत १० वर्षं, पुढे ५ वर्षं वाढवून मिळते.

डिचोलीकर

फेणीसारखं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, नाही का घेता येणार? गोव्यात बनलेलं यंत्र म्हणून?

मांडवीपार_वकील

नाही. जीआय प्रदेशामुळे गुण आलेल्या मालाला मिळतं आणि ते त्या प्रदेशातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. कुंडईच्या हवेने पंपाला काही वेगळा गुण येत नाही.

रेषा_फोंडा

भोकांची नक्षी मोकळी आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात लगेच कावी आली. गोव्यातल्या जुन्या मंदिरांच्या भिंतींवर ओल्या गिलाव्यात कोरलेली लाल-पांढरी नक्षी. पांढऱ्या चुन्यावर लाल मातीचा थर द्यायचा आणि ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा दाखवायचा. त्यात कंपासने काढलेली वर्तुळं आणि त्यांतून उमलणाऱ्या पाकळ्या फार येतात. मी चित्रकला शिकवते, मुलांना ती वर्तुळं काढायला देते. एका वर्तुळात सहा पाकळ्या बसवल्या की पाकळ्यांमधली जागा आपोआप तयार होते. त्याच रिकाम्या जागा यंत्राची श्वास घ्यायची भोकं झाल्या तर? थर खरवडून आतलं दाखवायचं, हीच तर कावीची रीत. हे वरून चिकटवलेलं वाटणार नाही, ते यंत्राच्या कामातूनच आलेलं असेल.

लाल अंग आणि आतून डोकावणारा पांढरा थर, असं दोन रंगांत ओतता येईल का?

वेर्ण्याचा_फिटर

दोन रंगांत ओतता येतं, पण साचा महाग पडेल. पांढरं आतलं कवच वेगळं ओतून लाल कवचाच्या आत बसवणं स्वस्त. मात्र थेट आरपार भोक नको. जुलैत इथे पाऊस आडवा येतो. आतल्या कवचाची भोकं बाहेरच्यांच्या बरोबर समोर न ठेवता थोडी सरकवा. हवा वळून आत जाईल, पाणी बाहेर राहील. आणि बाहेरून बघणाऱ्याला पाकळीच्या मागे पांढरं दिसेल, जे रेषाताईंना हवंय.

रेषा_फोंडा

देव बरें करूं, फिटरबाब. हे सुंदर सुचवलंत.

चिरेबंदी

रेषाताई, कल्पना मनात बसली. पण एक गोष्ट मला खरोखर खुपते. कावी ज्यांनी केली त्यांनी भिंतीवर नाव लिहिलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या नक्षीवर मी कोलकात्यात अर्ज करून हक्क मागायचा, हे बरोबर आहे का? आणि कायद्यात तरी बसेल का?

मांडवीपार_वकील

आधी कायदा. कलम ४ प्रमाणे जे नवं किंवा मूळ नाही, जे भारतात किंवा जगात कुठेही आधीच प्रसिद्ध झालं आहे, जे आधीच्या डिझाइनांपासून ठळकपणे वेगळं ओळखू येत नाही, त्याची नोंद होत नाही. मंदिरातली नक्षी जशीच्या तशी उचलली तर ती नवी नाही. पण कायदा मूळ डिझाइनांत अशीही डिझाइनं धरतो जी स्वतः जुनी असून त्यांचा वापर नवा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २००८ चा भारत ग्लास ट्यूबचा निकाल याच वळणावरचा. नक्षी उमटवणारे रोलर जर्मनीतल्या कंपनीने बनवलेले होते, वाद काचेच्या तावांवर उमटलेल्या नक्षीचा होता. न्यायालयाने ती नक्षी कुठल्या वस्तूवर लागू झाली आहे, याला महत्त्व दिलं आणि नोंदणी टिकवली.

म्हणजे पाकळ्यांची वर्तुळं तुमची होणार नाहीत. त्या जाळीसकट या यंत्राचं जे एकूण रूप बनेल, त्याची नोंद होऊ शकते आणि हक्क त्या जातीच्या वस्तूपुरताच राहील. मंदिराचा जीर्णोद्धार करणाऱ्याला, कावीचं भित्तिचित्र काढणाऱ्याला, साडीवर ती नक्षी छापणाऱ्याला तुम्ही अडवू शकणार नाही. अडवू नयेच.

योग्य-अयोग्याचं म्हणाल तर माझं मत असं की आकृती जशी आहे तशी उचलू नका. रीत घ्या आणि तुमच्या डबीच्या गोलाईवर स्वतः काढा. सपाट भिंतीवरचं वर्तुळ वळलेल्या अंगावर आणलं की ते बदलावंच लागतं. तो बदल तुमचा.

रेषा_फोंडा

अगदी पटलं. आणि खोक्यावर लिहा की जाळी कावीवरून सुचली आहे. बघणाऱ्याला मूळ भिंत शोधावीशी वाटली पाहिजे.

पिवळीकाळी_गाडी

मी पायलट आहे, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी चालवतो, पणजी बाजारात उभा असतो. आमच्यातल्या काही जणांकडे हे यंत्र आहे. गिऱ्हाईक मागे बसलेलं असताना चाक बसलं तर पंक्चरवाल्यापर्यंत जाण्याइतकी हवा भरून निघता येतं. तुम्ही नक्षीबद्दल बोलताय, ते छानच, पण बटणांकडे बघा. चार बटणं एका मापाची, एका ओळीत, चकचकीत. पावसात बोट ओलं असतं, हेल्मेटची काच खाली असते, अधिक कुठलं आणि उणे कुठलं तेच कळत नाही. एकदा हात लावून समजलं पाहिजे. आणि तापलेलं तोंड काढताना धरायला पितळेऐवजी रबराची कडी द्या.

रात्री भोम-बाणस्तारच्या बाजूला अंधारात यंत्र खाली ठेवावं लागतं. ते गोल बुडाचं असेल तर थरथरीने कलंडतं. दिवा असतो, पण यंत्र कलंडलं की उजेड व्हॉल्व्हवर न पडता आकाशाकडे जातो.

चोर्लाघाट_सायकल

पायलटबाबांचं म्हणणं मला पटतंय. आता दिसतंय की मी ज्याला वापरायला सोपं म्हणतो, त्यातलं बरंचसं रूपातच आहे. सायकलला आडवं ठेवलेलं चालतं, स्कूटरला उभंच लागतं. दोन्हीकडून पालथं न होणारं बूड मिळालं तर मी पहिला गिऱ्हाईक.

फुटबॉलवाल्यांनाही विसरू नका. इथे प्रत्येक वाड्यावर मैदान आहे. खेळाच्या नियमात चेंडूचा दाब ८.५ ते १५.६ पीएसआय. यंत्रात चेंडूचं चिन्ह असतंच, पण सुई ठेवायला जागा नसते आणि पहिल्याच आठवड्यात ती हरवते. बुडात सुईची खोबण द्या.

चिरेबंदी

सुईची खोबण लिहून घेतली. बटणांचंही. अधिकचं बटण उठावाचं आणि उणेचं खोलगट ठेवलं तर बोटाला कळेल, आणि तिरक्या उजेडात दोन्हींच्या सावल्या वेगळ्या पडतील. ते बघायलाही चांगलं दिसेल.

नवा_सभासद_वास्को

एवढी चर्चा चाललीय, एक फोटो तरी टाका! लोक सूचना देतील.

मांडवीपार_वकील

कृपया टाकू नका, आणि हे मी कळकळीने सांगते आहे. अर्जाच्या आधी चित्र सर्वांसमोर आलं की नावीन्य गेलं. अमेरिकेत स्वतःच जाहीर केल्यावर अर्ज करायला एक वर्षाची सवलत असते, आपल्याकडे तशी सरसकट सवलत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात मांडायचं असेल तर आधी डिझाइन नियंत्रकाला कळवून सहा महिन्यांत अर्ज करता येतो, तेवढी वाट आहे. साचा बनवणाऱ्याला दाखवावंच लागतं. विश्वासाने, गुप्ततेच्या अटीवर दाखवलेलं कायदा उघड करणं मानत नाही, पण ती अट कागदावर घ्या. धाग्यावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात, ओळखीच्या दुकानदाराला, कुठेही नाही. वर आलेल्या सूचना सर्वसाधारण आहेत, त्यांत एकही माप नाही, एकही चित्र नाही. तेवढ्यावर थांबा.

आणि नोंद न करता कॉपीराइट आहेच, असं समजून बसू नका. नोंदता येण्यासारखं डिझाइन नोंदलं नाही आणि औद्योगिक पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा वस्तू निघाली, की कॉपीराइट कायद्याच्या कलम १५ प्रमाणे त्यावरचा कॉपीराइट संपतो. तुमच्या मोल्डिंग मशीनला ५० म्हणजे किती वेळ, ते तुम्हीच जाणता.

वेर्ण्याचा_फिटर

सकाळच्या चहाआधी होतील.

डिचोलीकर

पण नोंद करूनही काय? दुसरा दोन भोकं इकडची तिकडे करेल आणि विकेल.

मांडवीपार_वकील

भोकं मोजून निकाल लागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७१ मध्ये गोरहॅम विरुद्ध व्हाइट या चांदीच्या काटे-चमच्यांच्या खटल्यात कसोटी घातली : नेहमीच्या गिऱ्हाइकाइतकं लक्ष देऊन बघणाऱ्या सामान्य माणसाच्या नजरेला दोन्ही मुळात एकच वाटली आणि एक समजून तो दुसरं घेईल, इतकं साम्य असेल तर नक्कल. आपल्याकडेही नजर गिऱ्हाइकाची आणि ती एकूण रूपावर. म्हणूनच मी सांगते की जाळी, कमान आणि बूड एकाच हाताची वाटतील अशी काढा. सुटा सुटा अलंकार चोरायला सोपा जातो.

कलम २२ प्रमाणे करार-कर्ज म्हणून, म्हणजे करारातलं देणं थकल्यासारखी, वसुली एका उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि एका डिझाइनमागे एकूण ५०,००० पर्यंतच, हे खरं. पण त्याऐवजी नुकसानभरपाई आणि मनाई हुकूम मागता येतो, आणि धंद्यात मनाई हुकूमच मोलाचा. समोरच्याने तुमची नोंदच रद्द करण्याजोगी आहे असा बचाव घेतला तर दावा उच्च न्यायालयाकडे जातो. आपल्यासाठी ते पर्वरीला.

चिरेबंदी

ठरवलं ते लिहितो. आम्ही पूर्ण यंत्राच्या रूपाचा अर्ज करणार. जाळी रेषाताई आमच्या कारखान्यात येऊन, गुप्ततेचा कागद करून, डबीच्या गोलाईवर काढून देतील. त्यांचं नाव आणि मोबदला दोन्ही करारात लिहिणार. पडद्यावरचे आकडे, चेंडूचं चिन्ह, आमचं नाव, सगळं चित्रांतून काढतोय. चवथीच्या सुट्टीत साचेवाले बंद असतात, त्याच्या आत चित्रं पुरी करायची.

वकीलबाय, शेवटचं विचारतो. नळी चित्रात खोचलेली दाखवू की उपसलेली?

मांडवीपार_वकील

सातही चित्रांत खोचलेली. गिऱ्हाईक दुकानात तीच बघतं, आणि कमान तुमच्या रूपाचा भाग आहे. एका चित्रात खोचलेली आणि दुसऱ्यात उपसलेली असेल तर चित्रं जुळत नाहीत म्हणून हरकत येते. आणि चिरेबंदीबाब, बुडाचं चित्र पाठवायला विसरू नका. लोक खालची बाजू सपाट समजून सोडून देतात, तुमच्यात तिथे सुईची खोबण आहे.